टिफ्रॅक ते टीडीसी-१२: मशीन जुनं होणारच, मग घ्यायचं की थांबायचं?

जेऊरच्या प्रत्येक बॅचमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "सर, आत्ता कर्ज काढून मशीन घेतलं आणि वर्षभरात नवीन मॉडेल आलं तर?" केळी चिप्सचं मशीन असो, फ्लेक्सचा प्रिंटर असो नाहीतर बिलिंगचा कॉम्प्युटर, भीती तीच. या भीतीला उत्तर द्यायला आज आपल्याच मुंबईची एक गोष्ट सांगतो. व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून इथे सविस्तर.

आधी छोटं, मग मोठं

१९५० च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने, म्हणजे टीआयएफआरने, ठरवलं की कॉम्प्युटर आपणच बनवायचा. प्रमुख होते आर. नरसिंहन. टीममधल्या बहुतेकांनी त्याआधी कॉम्प्युटर हाताळलेलाही नव्हता. हाताळणार कुठून? देशात पहिला कॉम्प्युटर कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आला तोच त्या दशकाच्या मध्यावर, आणि तोही इंग्लंडहून.

या लोकांनी काय केलं, नीट बघा. थेट मोठ्या मशीनला हात घातला नाही. आधी एक छोटं चाचणीचं मशीन बनवलं. १९५६ च्या अखेरीस ते चाललं. चुका कुठे होतात, कुठला भाग तापतो, कुठे जोडणी सुटते, हे सगळं त्यावर शिकून घेतलं. मग मोठं मशीन उभं केलं, ते फेब्रुवारी १९६० मध्ये कामाला लागलं. पुढे १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं 'टिफ्रॅक' असं नामकरण केलं.

आकार म्हणाल तर १८ फूट लांब आणि ८ फूट उंच लोखंडी सांगाडा. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्या. आणि मेमरी? ४० बिटांचे २,०४८ शब्द, म्हणजे हिशोबाने १० केबी. सकाळी मोबाईलवर येणारा 'शुभ सकाळ'चा फोटो १०० केबीचा धरला, तर तो एक फोटो ठेवायला असली दहा मशीनं लागली असती!

तयार झालं तेव्हाच जुनं

आता खरी गंमत. ट्रान्झिस्टरचा शोध अमेरिकेत बेल लॅबमध्ये १९४७ लाच लागला होता. व्हॉल्व्हपेक्षा लहान, वीज कमी, उष्णता कमी. १९५९ मध्ये आयबीएमने ट्रान्झिस्टरवर चालणारं १४०१ हे मशीन बाजारात जाहीरही केलं. म्हणजे टिफ्रॅक सुरू झालं त्या दिवशीच जग पुढे निघून गेलं होतं.

मग मेहनत वाया गेली का? नाही. पुढची काही वर्षं टीआयएफआरची आणि बाहेरच्या संस्थांचीही गणितं त्याच मशीनवर सुटली. १९६४ मध्ये संस्थेत अमेरिकेहून सीडीसी ३६०० आलं, तेव्हा ते वापरायला इथे तयार माणसं होती. व्हॉल्व्ह जुने झाले, हातातलं कौशल्य नाही.

प्रयोगशाळेतून बाजारात

दरम्यान १९६६ मध्ये कोलकात्यात सांख्यिकी संस्था आणि जादवपूर विद्यापीठाने मिळून ट्रान्झिस्टरवरचा 'इसिजू-१' उभा केला. आणि १९६९ मध्ये मुंबईच्या तुर्भ्यात, अणुसंशोधन केंद्रात, टीडीसी-१२ तयार झालं. नावच 'ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर'. १२ बिटांचं, व्हॉल्व्ह नसलेलं, प्रयोग चालू असतानाच त्याचे आकडे टिपणारं मशीन.

टिफ्रॅक एकच बनलं. टीडीसीचं तसं झालं नाही. १९६७ मध्ये हैदराबादला ईसीआयएल ही सरकारी कंपनी सुरू झाली होती. तिने टीडीसी गिऱ्हाइकांना विकायला काढलं आणि पुढची मॉडेलंही आणली. वस्तू बनवणं हे एक काम आणि ती विकणं हे दुसरं. आपल्यातले कितीतरी जण पहिल्यावरच थांबतात.

आपला हिशोब

एक फरक मात्र विसरू नका. या संस्थांना बँकेचा हप्ता नव्हता, तुम्हाला आहे. म्हणून 'नवीन मॉडेल कधी येईल' हे विचारण्याआधी 'माझे पैसे कधी सुटतील' हे विचारा. समजा मशीन १,२०,००० रुपयांचं आहे. व्याजासकट सगळा खर्च जाऊन महिन्याला १०,००० सुटले तर १२ महिन्यांत मशीन फिटलं. तेराव्या महिन्यात नवीन मॉडेल आलं तरी तुमचं काय बिघडलं? पण महिन्याला ४,००० च सुटत असतील तर ३० महिने लागतात. तिथे घाई नको. आधी भाड्याने किंवा जुनं मशीन घेऊन काम करून बघा. तेच तुमचं चाचणीचं मशीन.

या आठवड्याचं काम: वहीत तीन ओळी लिहा. मशीनची किंमत, महिन्याला खरोखर सुटणारी रक्कम, आणि मशीन फिटायला लागणारे महिने. आणि खाली चौथी ओळ: उद्या हे मशीन भंगारात गेलं, तर माझ्या हातात कुठलं काम उरेल? चौथ्या ओळीचं उत्तर सापडत नसेल, तर मशीनच्या आधी ते काम शिकून घ्या.