मिसिसिपी वाचायला कशी लागली?

अमेरिकेतल्या अतिशय गरीब राज्यांत मिसिसिपीची गणना होते. चौथीच्या मुलांच्या राष्ट्रीय वाचन चाचणीत २०१३ साली हे राज्य ४९व्या क्रमांकावर होतं; २०२४ साली ते ९वं आलं. तिथले सरासरी गुण २०९वरून २१९ झाले. याच काळात देशाची सरासरी २२१वरून २१४वर घसरली.

बोलणं मूल ऐकून ऐकून उचलतं; वाचन मात्र शिकवावं लागतं. अमेरिकेतल्या अनेक वर्गांत वर्षानुवर्षं अडलेला शब्द चित्रावरून ताडायला शिकवत. 'हॉर्स' छापलेलं असे, चित्रातला घोडा पाहून मूल 'पोनी' म्हणे, आणि अर्थ जुळला म्हणून ते चालूनही जाई. तज्ज्ञांच्या 'नॅशनल रीडिंग पॅनेल'ने २००० साली आधीचं संशोधन तपासून पाच गोष्टींवर भर दिला: ध्वनींची जाण, अक्षर-ध्वनींची सांगड, ओघवतं वाचन, शब्दसंपत्ती आणि आकलन. उदाहरणार्थ, 'कॅट'मधला 'क्' काढून 'ब्' घातला तर काय होईल? मूल आधी तोंडी 'बॅट' म्हणतं, मग तोच बदल अक्षरांत करून वाचतं.

तिसरीअखेर वाचता आलं नाही, तर चौथीत ढकलायचं नाही, हे मिसिसिपीने २०१३च्या कायद्यात घातलं. चर्चा याच अटीची झाली. खरी मेहनत होती ती त्याआधीच्या इयत्तांत. लहान वर्गांत वर्षातून तीनदा चाचणी, मागे पडणाऱ्या मुलाच्या पालकांना वेळेवर कळवणं, शिक्षकांना वाचनशास्त्राचं दीर्घ प्रशिक्षण. शिवाय सर्वांत कमकुवत शाळांत राज्याने स्वतः नेमलेले मार्गदर्शक पाठवले. ते वर्गात बसत, पाठ घेऊन दाखवत, नंतर शिक्षकांशी बोलत. शेरे मारणं हे त्यांचं काम नव्हतं. या सगळ्यात मोलाची वाटते ती मार्गदर्शकांची ही सोबत, कारण प्रशिक्षणात ऐकलेलं वर्गात उतरवताना शिक्षक एरवी एकटा पडतो.

आठवीचे गुण मात्र जवळपास जागेवरच आहेत. शब्द वाचता येऊ लागले तरी अवघड मजकूर समजायला शब्दसंपत्ती आणि विषयाचं ज्ञान लागतं. ते काम अजून बाकी आहे.

इंग्रजीचे धडे मराठीला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. आपली मुलं अडतात ती काना-मात्रा-वेलांटीत आणि जोडाक्षरांत. पण शिक्षकाशेजारी बसणारा जाणकार आपल्यालाही हवा आहे. केंद्रप्रमुखाचं पद त्यासाठी आपल्याकडे आहेच. जिल्हा परिषदांनी त्यांना माहितीचे तक्ते भरण्यातून मोकळं करावं आणि पहिली-दुसरीच्या वर्गांत पाठवावं.