टायर बदलल्यावर स्पीडोमीटर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

स्पीडोमीटर रस्ता मोजत नाही, तो चाकाचे फेरे मोजतो. एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाते हे मूळ टायरच्या घेरावरून कारखान्यातच ठरलेले असते. जुन्या गाड्यांत हे प्रमाण केबल फिरवणाऱ्या गरारीच्या दात्यांत असते, नव्या गाड्यांत कंट्रोल युनिटमध्ये साठवलेले असते. घेर बदलला की प्रमाण चुकते आणि मीटरला त्याचा पत्ताही नसतो.

पहिला गैरसमज रिमचा. अलॉय मोठे बसवले की मीटर बिघडणारच, असे सरसकट मानले जाते. फरक पडतो तो टायरच्या बाहेरच्या व्यासाने. 185/65 आर 15 या आकड्यांत टायरची रुंदी 185 मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या 65 टक्के आणि रिम 15 इंच, म्हणजे 381 मिलिमीटर. भिंत वर आणि खाली अशी दोनदा धरली की व्यास 621.5 मिलिमीटर येतो. स्विफ्टच्या स्वस्त मॉडेलला 165/80 आर 14 टायर येतो, त्याचा व्यास 619.6. रिम एक इंचाने लहान, तरी चाक जवळजवळ तेवढेच. 16 इंची रिमवर 195/55 चढवला तर व्यास 620.9 येतो आणि मीटरवर काहीच फरक दिसत नाही. रिम वाढताना भिंत उतरवली, तर हिशेब जुळतो.

बोलेरोचे उदाहरण उलटे आहे. तिचा मूळ टायर 215/75 आर 15, व्यास 703.5 मिलिमीटर. गाडी दणकट दिसावी म्हणून त्याच रिमवर 235/75 घातला तर व्यास 733.5 होतो, म्हणजे सव्वाचार टक्के वाढ. टायर मोठा म्हणून मीटर जास्त दाखवील, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात मोठ्या चाकाला तेवढ्याच अंतरासाठी कमी फेरे लागतात, म्हणून मीटर कमी दाखवते. इतर चूक नसेल तर काटा 100 वर असताना गाडी 104 ने धावत असते. रस्त्यावरचा स्पीड कॅमेरा खरा वेग टिपतो, तेव्हा ‘मीटरवर शंभरच होते’ हे उत्तर चालत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 183 प्रमाणे हलक्या वाहनाला 1000 ते 2000 रुपये दंड आहे.

कारखान्यातून आलेले मीटर तंतोतंत असते, हाही समजच. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांपैकी 39 क्रमांकाच्या नियमानुसार मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये. जास्त मात्र दहा टक्के अधिक ताशी 4 किलोमीटरपर्यंत दाखवले तरी चालते, म्हणजे खऱ्या 80 ला 92 पर्यंत. आपल्याकडच्या गाड्यांतही काटा बहुधा थोडा पुढेच असतो. त्यामुळे किंचित मोठ्या टायरने एखाद्या गाडीचे मीटर उलट अचूक होते! टायर झिजल्यावर याच्या विरुद्ध घडते. नव्या टायरची नक्षी साधारण 8 मिलिमीटर खोल असते आणि कायद्याची मर्यादा 1.6 आहे. तेवढी झीज झाली की मोटारीच्या चाकाचा व्यास सुमारे दोन टक्क्यांनी घटतो आणि मीटर तितके जास्त दाखवू लागते.

वेगाबरोबर किलोमीटरही चुकतात, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. मोठ्या टायरच्या त्या बोलेरोला निपाणी ते बेळगाव हे सुमारे 75 किलोमीटर अंतर 72 भरेल. टाकीतले डिझेल भागून काढलेले ॲव्हरेज मग 15 च्या जागी 14.4 येते आणि दोष इंजिनावर जातो. मोठ्या, जड चाकाने थोडे इंधन खरोखरही जास्त लागू शकते. पण आधी हिशेबातली चूक काढावी, मग पंपाकडे किंवा नोझलकडे बोट दाखवावे.

दुचाकीचा प्रकार वेगळा. केबलवाल्या बुलेटमध्ये मीटरची केबल पुढच्या चाकातून निघते, म्हणून मागे कितीही रुंद टायर घातला तरी मीटर जागचे हलत नाही. काही मोटरसायकलींत मोजमाप गिअरबॉक्सवरून होते. तिथे मागचा टायर किंवा चेनचे स्प्रॉकेट बदलले की फरक दिसतो.

फरक पाहायला मोबाइलचे जीपीएस पुरेसे आहे, मात्र वेग स्थिर आणि रस्ता सपाट, सरळ हवा. तवंदी घाटातल्या वळणांवर हे मोजमाप जमत नाही; घाट ओलांडल्यावर संकेश्वरच्या पुढे महामार्गावर ते नीट होते. जीपीएसचा आकडा सोबत बसलेल्याने वाचावा.

दुरुस्तीबाबतचा सर्वात चिवट गैरसमज म्हणजे काटा उपसून चार घरे पुढे बसवणे. टायरमुळे पडणारा फरक वेगाच्या प्रमाणात असतो: 100 ला 4, तर 50 ला 2. सरकवलेला काटा एकाच वेगाला बरोबर येतो, बाकी सगळीकडे चुकतो, आणि किलोमीटर तर तसेच चुकत राहतात. खरा इलाज जुन्या गाडीत योग्य दात्यांची गरारी बसवणे हा आहे. नव्या गाडीत, कंपनीने सोय ठेवली असेल तर, स्कॅनरने टायरचा घेर नव्याने भरता येतो. नाहीतर सेन्सर आणि मीटर यांच्यामध्ये सिग्नल सुधारणारे छोटे यंत्र जोडावे लागते. अशा जोडणीच्या वेळी एबीएसच्या तारांना हात लावू देऊ नये.

मीटर दुरुस्त झाले म्हणून टायर कायदेशीर ठरत नाही. कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले. कायदा केंद्राचा असल्याने राज्यसीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडे केए 23 असो की पलीकडे एमएच 09, नियम एकच. म्हणून टायर घेताना त्याच मॉडेलला कंपनी स्वतः देते त्यांपैकीच आकार निवडावा. मग मीटर दुरुस्त करण्याची वेळच सहसा येत नाही.