ग्राफिक्स कार्डाची परीक्षा उन्हाळ्यातच घ्यावी

परभणी जिल्ह्यातील चुडावा हे पूर्णा-नांदेड लोहमार्गावरील गाव. येथील एखाद्या कुटुंबाने मुलाच्या हट्टापायी संगणकात ग्राफिक्स कार्ड बसवायचे ठरवले, तर नांदेडच्या बाजारपेठेची वाट धरावी लागते, नाहीतर ते घरपोच मागवावे लागते. दोन्ही वाटांवर ग्राहकापुढे एकच आकडा ठेवला जातो. 'अमुक खेळात, सर्वोच्च चित्रदर्जावर, सेकंदाला इतक्या फ्रेम्स.' हजारो रुपयांचा व्यवहार या एका आकड्यावर ठरतो. म्हणूनच तो कसा काढला जातो, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

पडद्यावरील हलता खेळ म्हणजे वेगाने बदलणारी स्थिर चित्रे होत. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील, तर कार्डाला प्रत्येक चित्रासाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. १९२० बाय १०८० आकाराच्या पडद्यावर एका चित्रात २० लाख ७३ हजार ६०० बिंदू असतात, तर 'फोर-के' पडद्यावर त्याच्या चौपट. चित्रदर्जा वाढवला की याच अवधीत सावल्या, पाण्यातील प्रतिबिंबे, धूर असे सारे रेखाटावे लागते. तिरप्या रेषांचे दाते मोडणारे अँटी-अलायझिंग आणि दूरवर जाणारा रस्ता धूसर होऊ न देणारे अ‍ॅनिसोट्रॉपिक फिल्टरिंग हे त्यातलेच. यातील दुसरे आजच्या कार्डांना फारसे जड जात नाही. प्रकाशकिरणांचा माग काढणारे 'रे ट्रेसिंग' मात्र भल्याभल्या कार्डांना घाम फोडते.

सरासरीचा आकडा फसवा असतो. समजा, एका सेकंदात ५५ चित्रे उमटली. त्यांपैकी ५० चित्रांना प्रत्येकी १० आणि उरलेल्या पाचांना प्रत्येकी १०० मिलिसेकंद लागले. सरासरी ५५ भरते. पण खेळणाऱ्याला त्या सेकंदात पाच हिसके जाणवतात. हीच ५५ चित्रे समान अंतराने आली असती, तर खेळ सुरळीत वाटला असता. २०११ मध्ये 'द टेक रिपोर्ट' या अमेरिकी संकेतस्थळाने प्रत्येक चित्राला लागणारा वेळ मोजून हा मुद्दा पुढे आणला. तेव्हापासून चांगल्या परीक्षणांत सरासरीबरोबर सर्वांत मंद एक टक्का चित्रांचा वेगही दिला जाऊ लागला. दर्जा वाढवल्यावर कार्डाची स्मृती अपुरी पडली, तर तिचा पहिला पुरावा बहुधा या दुसऱ्या आकड्यातच सापडतो.

आकडे 'सजवण्याचा' इतिहासही जुना आहे. २००१ मध्ये एटीआय कंपनीच्या रेडिऑन ८५०० या कार्डावर 'क्वेक ३' हा खेळ तपासताना परीक्षकांनी खेळाच्या फाइलचे नाव 'क्वेक'चे 'क्वॅक' केले. एवढ्यानेच वेग घटला आणि चित्र सुधारले! खेळाचे नाव ओळखून कार्डाची आज्ञावली गुपचूप दर्जा उतरवत होती. २००३ मध्ये 'थ्रीडीमार्क' चाचणीवरून फ्यूचरमार्क आणि एनव्हिडिया यांच्यात अशीच जुंपली. पुढे दोघांनी संयुक्त निवेदन काढून 'फसवणूक' हा शब्द मागे घेतला. तात्पर्य, वेग मोजताना चित्राकडेही डोळे उघडे ठेवून पाहावे लागते. आज हेच निराळ्या रूपात समोर येते. २०२२ पासून काही कार्डे दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये एक कल्पित चित्र घालतात. जाहिरातीतील आकडा त्यामुळे फुगतो, मात्र कळ दाबल्यानंतरचा प्रतिसाद त्या प्रमाणात जलद होत नाही.

एवढे सगळे प्रामाणिकपणे केले, तरी एक गोष्ट उरते, ती म्हणजे उन्हाळा. बहुतेक परीक्षणे वातानुकूलित खोलीत होतात. पंख्याचा वेग तोच राहिला, तर खोलीचे तापमान जितके अंशांनी वाढेल, जवळपास तितक्याच अंशांनी चिपचेही वाढते. २३ अंशांच्या खोलीत ६८ अंशांवर चालणारे कार्ड ४२ अंशांच्या खोलीत ८७ अंशांच्या घरात जाईल. मग आधी पंखा किंचाळू लागतो, आणि तरीही भागले नाही, तर कार्ड स्वतःचा वेग उतरवते. परभणी-नांदेड पट्ट्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, हे सांगण्याची गरज नाही. पत्र्याच्या छताखालील खोलीची तर गोष्टच वेगळी.

विजेचेही तसेच. कार्यालयीन कामात निमूट चालणारा ६०० व्हीए यूपीएस साधारण ३६० वॅटचा भार पेलतो. आरटीएक्स ३०६० या कार्डाची निर्धारित गरजच १७० वॅट आहे. त्यात प्रोसेसर व पडदा धरला, की फारशी उसंत उरत नाही. उच्च दर्जावर खेळ रंगात आला असताना वीज गेली, तर असा यूपीएस भार न पेलता बंद पडू शकतो, आणि दोष मात्र कार्डाला दिला जातो.

घरी परीक्षा घेणे अवघड नाही. 'शॅडो ऑफ द टूम रेडर' किंवा 'सायबरपंक २०७७' अशा खेळांत चाचणीची सोय अंगभूत आहे. ज्यांत ती नाही, तेथे एकच प्रसंग पुनःपुन्हा खेळून मोजमाप करावे. पुण्यात तयार झालेल्या 'राजी' या खेळाचाही उपयोग असा करता येईल, जरी तो फार जड नाही. कॅबिनेटची बाजू बंद ठेवून अर्धा तास आधी खेळ चालू ठेवावा, कारण थंड कार्डाची पहिली दोन मिनिटे नेहमीच गोड असतात. त्यानंतर तीनदा चाचणी घ्यावी आणि सरासरी, मंद एक टक्का, चिपचे तापमान व घड्याळवेग वहीत टिपावेत. 'एमएसआय आफ्टरबर्नर' हे विनामूल्य साधन त्यास पुरेसे आहे. हेच पहाटे एकदा आणि दुपारी तीनच्या सुमारास एकदा करावे. दुपारी घड्याळवेग घसरला असेल, तर कार्ड बदलण्याआधी सावल्यांचा दर्जा एक पायरी खाली आणून आणि कॅबिनेटमधील धूळ झाडून पाहावी.