वाहनतळ, दिव्यांगांसाठी

चालण्यास असमर्थ असलेल्या किंवा चालताना आधार लागणाऱ्या व्यक्तीला वाहनातून सुरक्षितपणे उतरून दुसऱ्याच्या मदतीशिवाय इमारतीच्या प्रवेशद्वारापर्यंत जाता यावे, अशा रीतीने आखलेली राखीव जागा. सर्वसाधारण वाहनतळाचे माप वाहनाच्या आकारावरून ठरते. या जागेचे माप मात्र वाहनातून उतरणाऱ्या व्यक्तीच्या हालचालींवरून ठरते. हा फरक लक्षात न घेता नेहमीच्या जागेवर केवळ चिन्ह रंगविल्यास ती जागा नावापुरतीच राखीव राहते.

इतिहास : अमेरिकेच्या १९६१ मधील ए ११७.१ या राष्ट्रीय मानकात अशा जागेसाठी १२ फूट (सु. ३.६६ मी.) रुंदी सुचविण्यात आली होती. ब्रिटनमध्ये १९७० च्या कायद्यान्वये दिव्यांगांच्या वाहनांवर लावण्यासाठी नारिंगी ओळखपट्टी सुरू झाली. २००० पासून तिची जागा निळ्या ओळखपट्टीने घेतली. चाकांच्या खुर्चीचे जगभर परिचित असलेले चिन्ह सुझॅन कोफूड या डॅनिश विद्यार्थिनीने १९६८ मध्ये रेखाटले. त्यात थोडा फेरफार होऊन पुढील वर्षी ते आंतरराष्ट्रीय चिन्ह म्हणून स्वीकारण्यात आले.

मापे व रचना : मोटारीसाठी सामान्यतः २.५ × ५ मी. जागा धरतात. मोटारीची रुंदी सु. १.८ मी. असल्याने दोन्ही बाजूंस मिळून जेमतेम ७० सेंमी. अंतर उरते. चाकांच्या खुर्चीचा वापर करणाऱ्या व्यक्तीला दार पूर्ण उघडून, खुर्ची आसनालगत उभी करून, हातांच्या जोरावर तीत सरकावे लागते. यासाठी भारतातील मार्गदर्शक तत्त्वांनुसार जागेची रुंदी किमान ३.६ मी. व लांबी ५ मी. असावी लागते. यात उतरण्यासाठी ठेवलेला १.२ मी.चा पट्टा अंतर्भूत असतो. शेजारच्या दोन जागांना मिळून असा एक पट्टा पुरतो. अशा किमान दोन जागा प्रवेशद्वारापासून ३० मी.च्या आत असाव्यात. पृष्ठभाग टणक व सपाट असावा. सुटी खडी किंवा भोके असलेल्या फरश्या वापरल्यास लहान चाके व कुबड्या रुततात. जमिनीला उतार असल्यास खुर्ची घरंगळते. चिन्ह जमिनीवर रंगविलेले असावे व उभ्या फलकावरही असावे, कारण वाहन उभे राहिल्यावर जमिनीवरील चिन्ह झाकले जाते.

जागेपासून दारापर्यंतचा मार्ग सलग हवा. पदपथावर चढण्यासाठी १:१२ पेक्षा तीव्र नसलेला उतार करावा. मात्र तो उतरण्याच्या पट्ट्यात येऊ देऊ नये. हा मार्ग उभ्या वाहनांच्या मागून नेणे धोक्याचे असते. वाहन मागे घेणाऱ्या चालकाला खुर्चीत बसलेली व्यक्ती सहजी दिसत नाही.

लहान गावांतील प्रश्न : ही मापे प्रामुख्याने मोटार डोळ्यांसमोर ठेवून ठरविलेली आहेत. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहरालगतच्या भिंगारसारख्या छावणीच्या गावात मात्र बाजूला जादा चाके बसविलेली स्कूटर व हाताने चालवावयाची तीनचाकी सायकल यांचाही विचार करावा लागतो. दुचाकीसाठी धरण्यात येणारी १ × २ मी. जागा अशा स्कूटरला अपुरी पडते. जादा चाकांसह तिची रुंदी सु. १.२ मी. धरली व कुबड्या टेकून उतरण्यासाठी ९० सेंमी. सोडले, तर सु. २.१ मी. रुंदी लागते. म्हणजेच मोटारीच्या एका नेहमीच्या जागेत अशी एक स्कूटर व्यवस्थित मावते. बाजारपेठ, दवाखाना, टपाल कचेरी किंवा बँक यांच्यासमोर एवढी जागा राखणे अरुंद रस्त्यावरही बहुधा अशक्य नसते.

कायदेशीर तरतुदी : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४१ मध्ये बसथांबे, रेल्वे स्थानके व विमानतळ यांच्या संदर्भात वाहनतळाचा स्पष्ट उल्लेख आहे. कलम ४४ नुसार सुगम्यतेची मानके न पाळणाऱ्या बांधकामास परवानगी अथवा पूर्णता प्रमाणपत्र देता येत नाही. कलम ४५ अन्वये विद्यमान सार्वजनिक इमारतींना पाच वर्षांची मुदत होती. नियम १५ जून २०१७ रोजी अधिसूचित झाल्याने ती २०२२ मध्ये संपली. भिंगारच्या दृष्टीने कलम २ मधील व्याख्या महत्त्वाची आहे. तीनुसार छावणी मंडळाच्या बाबतीत समुचित शासन केंद्र सरकार असते, तर इतर स्थानिक प्राधिकरणांच्या बाबतीत राज्य सरकार असते. त्यामुळे हद्दीच्या दोन्ही बाजूंचे उत्तरदायित्व वेगळे असले, तरी नागरिकाचा हक्क एकच राहतो. नियम १५(१) मुळे मानके केवळ शिफारसवजा ठरतात, या कारणास्तव सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात तो नियम मूळ अधिनियमाशी विसंगत ठरविला व बंधनकारक नियम करण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला.

देखभाल : राखीव जागेची उपयुक्तता ती मोकळी राहण्यावर अवलंबून असते. उतरण्याचा पट्टा रिकामा दिसतो, म्हणून तेथे दुचाकी लावली जाते किंवा हातगाडी उभी राहते. अशा वेळी कामावरून परतलेल्या व्यक्तीला आपल्याच वाहनात बसता येत नाही व अडथळा दूर होईपर्यंत तेथेच ताटकळत राहावे लागते. पट्ट्यावर ठळक तिरप्या रेषा आखणे, रंग वेळोवेळी नवा करणे, दुरुस्तीची माती-खडी तेथे न टाकणे व पहारेकऱ्यास या जागेचे प्रयोजन समजावून सांगणे, हे उपाय अल्पखर्चाचे असून मूळ आखणीइतकेच आवश्यक आहेत.