पानगळीच्या घरातले लाकडी तोरण

सप्टेंबर सरत आला की अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांत घरांचे दर्शनी भाग बदलू लागतात. व्हरमाँट, न्यू हॅम्पशायर, मेन इथल्या घरांच्या पायऱ्यांवर नारिंगी भोपळे मांडले जातात, पोर्चच्या खांबांना मक्याची वाळलेली ताटे बांधली जातात. आत, बैठकीतल्या शेकोटीच्या वरच्या फळीवर, सुतळीत ओवलेले लाकडी तोरण लागते. छोटे छोटे तुकडे, प्रत्येकावर एक अक्षर किंवा एक पान. बाजारात असली तोरणे कापडाची, कागदाची, प्लॅस्टिकचीही मिळतात. पण घरी केलेल्या लाकडी तोरणाची गोष्ट वेगळी. लाकडाचा स्वभाव ओळखून ते केले, तर आज मुलांच्या हातांनी रंगवलेले तोरण उद्या त्यांच्या संसारातही लागू शकते.

तो स्वभाव असा, की कापून, वाळवून, रंगवून झाले तरी लाकूड हलतच राहते. दमट हवेत ते ओलावा शोषून फुगते, कोरड्या हवेत आकसते. लांबीत हा फरक जवळजवळ नसतो, रुंदीत मात्र चांगलाच जाणवतो. थंड प्रदेशात हिवाळ्यात घर तापवले जाते, तेव्हा आतली हवा अतिशय कोरडी होते. अशा घरात रुंद सलग फळीला मागून आडव्या पट्ट्या ठोकून पाटी केली, तर ती एखाद्या हिवाळ्यात तडकण्याची भीती असते. तोरणाचे तुकडे लहान आणि मोकळे टांगलेले असतात. प्रत्येकाला आपापल्यापुरते फुगायला-आकसायला जागा असल्यामुळे ताण साठत नाही. म्हणूनच नवख्या हातांनी सुरुवात करायला ही वस्तू फार चांगली.

तोरणावर काय लिहायचे हे आधी ठरवावे, कारण ते किती दिवस भिंतीवर राहील हे त्यावर अवलंबून असते. हॅलोवीन ३१ ऑक्टोबरला. दात विचकणारा भोपळा दुसऱ्या दिवशी शिळा वाटतो. थँक्सगिव्हिंग अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असते. हा दिवस १९४१ मध्ये कायद्याने पक्का झाला. कॅनडात ते ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारीच उरकते. एका सणाचे नाव घालण्याऐवजी पाने, कणसे, सुगी असा विषय घेतला, तर तेच तोरण सप्टेंबरच्या शेवटापासून नोव्हेंबर संपेपर्यंत शोभते. दोन महिन्यांची शोभा एका कामातून मिळत असेल, तर तीच वाट बरी.

मग हिशेब. ‘हार्वेस्ट’ या शब्दात रोमन लिपीतली सात अक्षरे आहेत. पाच इंच रुंदीचे सात तुकडे म्हणजे ३५ इंच, मधल्या सहा फटी एकेका इंचाच्या, एकूण ४१. दोन्ही टोकांना बांधण्यासाठी फूट-फूट सुतळी धरली की ६५ इंच. शिवाय झोक हवा, म्हणून आणखी वीतभर जास्त घेतलेली बरी.

लाकूड कोणते? तिथे सहज मिळणारे तीन पर्याय म्हणजे बासवुड, पाइन आणि बर्चचे पातळ प्लायवुड. बासवुड मऊ, फिकट आणि एकसारख्या पोताचे. कोरीवकाम करणाऱ्यांचे ते आवडते. पाइन स्वस्त, पण त्याच्या गाठींत राळ असते. वरून पांढरा रंग दिला तरी काही महिन्यांनी गाठीच्या जागी पिवळट डाग उमटतो. त्यावरचा जुना उपाय थेट भारताशी जोडलेला आहे. झारखंड-छत्तीसगडच्या रानांत पळस, कुसुम, बोर या झाडांवर लाखेचे किडे पोसले जातात. त्या लाखेपासून चपडा होतो, तो अल्कोहोलमध्ये विरघळवला की शेलॅक तयार. गाठीवर त्याचे एक-दोन हात दिले की राळ आतच अडते.

अलीकडे सालीसकट कापलेल्या गोल चकत्यांची तोरणे फार दिसतात. ती सुंदर असतात यात शंका नाही, पण ओल्या फांदीची ताजी चकती वापरणे म्हणजे तडा ओढवून घेणे. वाढीच्या वलयांच्या दिशेने लाकूड जेवढे आकसते, त्याच्या साधारण निम्मेच ते केंद्राकडे आकसते. या ओढाताणीत चकती कडेपासून मध्यापर्यंत पाचरीसारखी फाटते. चकत्या सावलीत सावकाश वाळवून, फाटलेल्या बाजूला काढून, उरलेल्याच वापराव्यात. दुसरी गोष्ट याहून गंभीर. एमराल्ड अॅश बोरर हा आशियातून आलेला हिरवा भुंगेरा २००२ मध्ये मिशिगनमधल्या डेट्रॉइट परिसरात आढळला. त्याच्या अळ्या सालीखाली पोखरतात, आणि त्यांच्यामुळे अमेरिकेत अॅशची कोट्यवधी झाडे मेली आहेत. ही कीड दूरवर पसरली ती मोठ्या प्रमाणात सरपणाच्या लाकडातून. तेव्हा सहलीला गेल्यावर आवडलेली फांदी गाडीत टाकून शेकडो मैल आणू नये. सालीचे लाकूड जिथले तिथेच वापरावे.

कापायला हातातली बारीक पात्याची करवत पुरते. वळणदार आकारांना विजेची स्क्रोल सॉ सोयीची. कडा आधी १२० नंबरच्या आणि मग २२० नंबरच्या पॉलिशपेपरने घासाव्यात, लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच. आडवे घासलेले ओरखडे रंगाखालून दिसतात. घासताना मास्क लावावा. लाकडाची धूळ कर्करोगकारक पदार्थांच्या आंतरराष्ट्रीय यादीत पहिल्या गटात आहे, त्यामुळे मुलांना हे काम बाहेर मोकळ्यावरच द्यावे.

भोकांकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. वर मधोमध एकच भोक पाडले, तर तुकडा गिरक्या घेत राहतो आणि अक्षर भिंतीकडे तोंड करते. दोन्ही वरच्या कोपऱ्यांजवळ, कडेपासून अर्धा इंच आत, एकेक भोक हवे. त्याहून कडेला गेले तर लाकूड चिरते. गिरमिट चालवताना मागे टाकाऊ फळी दाबून धरली की मागच्या बाजूला ढलप्या निघत नाहीत. झोक असलेल्या सुतळीवर तुकडे मध्याकडे घसरतात, म्हणून प्रत्येक भोकाशी गाठ मारावी किंवा लाकडी मणी अडकवावा. शेकोटी पेटत असेल, तर तोरणाचा सर्वांत खालचा बिंदू ज्वाळेच्या तोंडावर येणार नाही हे आधी पाहावे.

रंगांसाठी झाडाकडे बघावे. दिवस लहान आणि रात्री गार झाल्या की पानातले हरितद्रव्य मोडत जाते. मग आधीपासून तिथेच असलेले पिवळे-नारिंगी कॅरोटिनॉइड उघडे पडतात. बर्च, हिकरी, अॅस्पेन पिवळे होतात ते यामुळे. मेपलचा लाल रंग मात्र पान त्याच दिवसांत नव्याने तयार करते: दिवसा लख्ख ऊन, रात्री गोठणार नाही इतपत थंडी, अशा वेळी पानात अडकलेल्या साखरेतून अँथोसायनिन बनते आणि टेकड्या पेटल्यासारख्या दिसतात. ओकच्या पानांत शेवटी टॅनिनचा तपकिरी उरतो. तोरणात पिवळा भरपूर, लाल मोजका आणि तपकिरी आधाराला ठेवला, तर ते खऱ्या रानाच्या जवळ जाते. भडक नारिंगीने भरलेले तोरण दुकानासारखे दिसते. तांबड्यासाठी आयर्न ऑक्साइडची छटा घ्यावी. अमेरिकेतली जुनी धान्याची कोठारे जवसाच्या तेलात हाच रंग कालवून रंगवली जात, आणि आपल्याकडे भिंतीला, कुंडीला लागणारा गेरूही आयर्न ऑक्साइडच.

न्यू जर्सी, शिकागोसारख्या ठिकाणच्या मराठी घरांत याच आठवड्यांत दसरा आणि दिवाळी येतात. झेंडूच्या तोरणाशेजारी देवनागरी अक्षरांचे लाकडी तोरण लावावेसे वाटणे साहजिक आहे, पण त्याची आखणी रोमनसारखी करून चालत नाही. ‘शुभ दीपावली’साठी सहा तुकडे लागतात आणि दोन शब्दांमध्ये पानाचा सातवा. काना, वेलांटी, उकार ज्याचा त्याच्याच तुकड्यावर. अक्षर शिरोरेषेला लटकते, म्हणून भोकांपासून शिरोरेषेचे अंतर सगळ्या तुकड्यांवर तंतोतंत सारखे हवे. एखादी रेघ सूतभर खाली गेली तरी ओळ तुटते. वर वेलांटी-मात्रांना आणि खाली उकाराला जागा सोडावी, म्हणजे अक्षराचा गाभा रोमनपेक्षा थोडा लहानच धरावा लागतो.

अक्षरे रंगवण्याऐवजी कापूनच काढायची असतील, तर भरीव लाकूड नको. ‘श’, ‘ग’, ‘ण’ यांचे उभे दांडे उरलेल्या अक्षराशी फक्त शिरोरेषेने जोडलेले असतात. लाकडाच्या रेषा उभ्या ठेवल्या तर शिरोरेषा तुटते, आडव्या ठेवल्या तर दांडा. प्लायवुडचे थर एकमेकांना काटकोनात चिकटवलेले असल्यामुळे ते दोन्हीकडे टिकते. ‘व’ आणि ‘प’ यांच्या पोटातली जागा कापायला आधी आत भोक पाडून त्यातून पाते ओवावे लागते. छाप्याने रंगवताना हीच पोटे सुटून पडतात, तेव्हा छाप्यात बारीक पूल ठेवून मागाहून ब्रशने बुजवावेत.

मोसम संपल्यावर तुकडे एकमेकांवर घडी घालून ठेवताना मध्ये मेणकागद घालावा. अॅक्रिलिक रंगाचे दोन पृष्ठभाग दाबात राहिले की महिनाभरातही चिकटतात आणि उघडताना रंगाचे पापुद्रे निघतात. ओलसर तळघरापेक्षा राहत्या खोलीतले कपाट बरे. पोर्चवर लावलेल्या तोरणाची सुतळी उन्हापावसाने कुजते, म्हणून ती पुढच्या वर्षी ओवण्याआधी ओढून बघावी आणि विरली असेल तर बदलावी.