औषध पोचवायचे कसे?

कार्बन टेट्राक्लोराइड हे नाव आम्ही प्रथम ऐकले ते कारखान्यात, यंत्राचे तेलकट भाग धुण्याचा द्रव म्हणून. २०१० साली आपल्याकडे तो वापर बंद झाला. पण यकृताला घातक अशी दुसरी द्रावणे आहेतच. प्रयोगशाळेत उंदरांचे यकृत मुद्दाम बिघडवतात तेही याच विषाने. यकृतात त्याचे विघटन होऊन जे जहाल तुकडे निघतात, ते पेशींच्या आवरणातील स्निग्धांश नासवतात.

भूमध्य समुद्राकाठच्या ‘मिल्क थिसल’ या काटेरी वनस्पतीच्या बियांतील सिलिबिन हे द्रव्य या तुकड्यांना आवर घालते. मग अडले कोठे? ते पाण्यात नीट विरघळत नाही. पोटात घेतलेल्यापैकी थोडेच रक्तात उतरते. खडीसाखरेपेक्षा पिठीसाखर लवकर विरघळते, हे आपण घरी पाहतोच. तीच युक्ती शास्त्रज्ञांनी योजली : सिलिबिनचे कण अतिसूक्ष्म करायचे, किंवा ते स्निग्ध पदार्थाच्या तशाच कणांत भरायचे. हे कण काहीशे नॅनोमीटरांचे; एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. उंदरांत याचा गुण दिसला आहे. माणसांत तो अजून सिद्ध व्हायचा आहे.

तो झाला तरी गोळी ही वाफ ओढून नेणाऱ्या पंख्याची जागा घेणार नाही. आधी पंखा, मग गोळी, एवढेच आमचे सांगणे.