तांब्याच्या पत्र्यावरची कालवरी

ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे प्रसंग युरोपातल्या घराघरांत पोचवले ते छापचित्रांनी. आल्ब्रेख्त ड्यूररने सोळाव्या शतकाच्या आरंभी या विषयावर लाकूडठशांच्या आणि तांब्यावर कोरलेल्या ठशांच्या मालिका केल्या. पण या परंपरेतला सर्वांत धाडसी ठसा म्हणजे रेम्ब्रांटचा ‘तीन क्रूस’. त्यावर १६५३ हे साल कोरलेलं आहे.

छापचित्रांसाठी रेम्ब्रांट पत्र्यावर रेषा कोरायला सहसा आम्लाची मदत घेई. इथे मात्र त्याने जवळपास सगळं काम ड्रायपॉइंटने केलं. या पद्धतीत टोकदार सुई थेट तांब्यावर ओढतात. रेषेच्या कडेला धातूची बारीक कड उचलली जाते, शाई तिच्यात अडकते आणि कागदावर मखमली काळोख उमटतो. यंत्राच्या दाबाखाली ही कड लवकर चपटते, म्हणून उत्तम ठसे थोडेच निघतात. रेम्ब्रांट पत्र्यावर शाईचा पातळ थर मुद्दाम राखून ठेवी आणि काही ठसे कागदाऐवजी चर्मपत्रावर काढी. त्यामुळे एकाच पत्र्याच्या दोन ठशांतला प्रकाशही सारखा नसतो.

सुरुवातीच्या ठशांत वरून प्रकाशाचा झोत कोसळतो. कालवरीच्या टेकडीवर क्रुसांभोवती सैनिक, घोडेस्वार, शोक करणारी माणसं, पळणारे लोक असे सगळे ओळखू येतात. लूकच्या शुभवर्तमानानुसार त्या दिवशी दुपारी बारापासून तीनपर्यंत अंधार पडला होता आणि येशूचा मृत्यू पाहून रोमन शताधिपतीने देवाचं गौरव केलं. रेम्ब्रांटने तोच क्षण निवडला.

पुढे त्याने तोच पत्रा पुन्हा हातात घेतला. कितीतरी आकृत्या खरवडून काढल्या आणि वरपासून खालपर्यंत दाट रेघा ओढल्या. ख्रिस्ताच्या दोन्ही बाजूंना क्रुसावर असलेल्या चोरांपैकी एक अंधारात जवळजवळ गडप झाला. उंच टोपीचा एक घोडेस्वार नव्याने आला. तो इटालियन कलावंत पिसानेल्लोच्या जुन्या पदकावरून घेतलेला आहे. पहिल्या ठशांत आपण घटना पाहतो. या चौथ्या अवस्थेत, म्हणजे पत्र्यातल्या बदलांच्या चौथ्या टप्प्यावर काढलेल्या ठशांत, आपण तिच्या अंधारात सापडतो. गर्दी विरली, पण मधला ख्रिस्त राहिला.

विकता येणारं, पूर्ण झालेलं चित्र मोडून रेम्ब्रांटने त्याच प्रसंगाचा नव्याने विचार केला. ख्रिस्ताची वेदना त्याने जखमांच्या तपशिलातून दाखवली नाही. प्रकाश आणि काळोखातून दाखवली. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये हे ठसे जपलेले आहेत. त्यांची छायाचित्रं पाहाल तेव्हा पहिली आणि चौथी अवस्था शेजारी ठेवून पाहा; एकट्या ठशावरून या कामाची उंची कळत नाही.